उरलेली

"किती?" केबिनच्या खिडकीतून आवाज आला.

"बावीस," वहिनी म्हणाली आणि तिने तिकिटांचं पुस्तक कमरेच्या पिशवीत कोंबलं.

खिडकीतून एक हात वर झाला. म्हणजे ऐकलं. दोर सुटला, इंजिनाने घसा खाकरला आणि लाँच निघाली. दहाची फेरी. शाळा-कचेऱ्यांची माणसं सकाळीच गावाच्या बाजूला येऊन पोचलेली, त्यामुळे पलीकडे जाताना बाकं बरीचशी मोकळी होती. बावीस म्हणजे बावीसच. वहिनी डोकी दोनदा मोजायची. एखादं मूल कुणाच्या मांडीवर झोपलेलं असलं तर वाकून बघायची. रोज सकाळी हात जोडून ती त्या दिवसापुरता एक नेम घ्यायची. आज कुणाच्या मागे बोलायचं नाही, आज आवाज चढवायचा नाही, असले साधेच. पण मोजलेलं खरं सांगायचं, हा नेम तिला कधी घ्यावा लागला नव्हता. तो अंगातच होता.

पुढच्या मोकळ्या जागेत मात्र आज पाऊल टाकायला वाव नव्हता. पलीकडच्या दवाखान्यात नवी फरशी बसत होती. तिचे खोके हमालांनी कमरेइतके रचून ठेवले होते. मालाची पावती कचेरीत फाटते, त्याच्याशी वहिनीचा संबंध नसे. खोक्यांना वळसा घालताना एक कोपरा तिच्या पोटरीला लागला. तिने पोटरी चोळली आणि विसरून गेली.

पलीकडचा धक्का जवळ आला की त्याच्या थोडं अलीकडे पाण्यात एक लाल खांब लागतो. तिथून पुढे पाणी उथळ, खाली नुसता गाळ. उलटा गिअर टाकून लाँच थांबवायला गेलं की तो गाळ ढवळून पंख्यात जातो. म्हणून इंजिन आधीच सोडायचं, म्हणजे बंद करायचं, आणि लाँचच्या अंगात जेवढा वेग उरला असेल तेवढ्यावर तिने आपली आपण जाऊन धक्क्याला टेकायचं, अशी इथली रीत. त्या उरलेल्या वेगाला लाँचवरची माणसं 'उरलेली' म्हणत. 'आज उरलेली जास्त झाली.' 'वारा समोरून आहे, उरलेली पुरायची नाही.' उरलेली काय, गती की ओढ की आणखी काही, ते कुणी कधी पुरं केलं नाही.

एकदा शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या, "कप्तान, पुस्तकात याला संवेग म्हणतात. वस्तुमान गुणिले वेग. लाँच तीच, वेग तोच, पण भरलेली असली की लांब जाते ना? ते हेच."

"गुणाकार आला असता तर इथे कशाला असतो, बाई?" कप्तान म्हणाले होते. "आम्ही आपलं बघतो आणि सोडतो."

बघायचं आणि सोडायचं. एकतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. कागदोपत्री ते लाँचचालक होते; कप्तान त्यांना लोकांनी केलं होतं, आणि त्यांच्याबरोबर बायको तिकिटं फाडते म्हणून तिला अख्ख्या गावाची वहिनी केलं होतं. त्यांची लाँच धक्क्याला लागली हे बाकावर डुलक्या काढणाऱ्याला कळत नसे. शेजारचा उठून चालायला लागला की कळे.

लाल खांब मागे गेला. मग इंजिन सुटलं आणि सगळं शांत झालं, नुसता पाणी चिरल्याचा आवाज. वहिनी पुढे कठड्याशी उभी होती. तिच्या तळपायांना ते आधी समजलं. या वेळेपर्यंत लाँच सैल पडायला हवी होती. ती पडत नव्हती.

धक्क्यावर ढेंग दोर घेऊन उभा होता. वय पन्नाशीचं, पण पाय असे लांब की आईबापांनी ठेवलेलं नाव विसरून सगळे त्याला ढेंगच म्हणत. रोजच्यासारखा तो एक पाय पुढे काढून थांबला होता. लाँचची कड आली की तळव्याने ती हलकेच अडवायची, ही त्याची सवय.

"ढेंग, पाय!" वहिनी ओरडली.

त्याने पाय घेतला. चप्पल राहिली. लाँच धक्क्यावर अशी आदळली की खोके सरकले, एक सायकल आडवी झाली आणि एक आजीबाई समोरच्या माणसाच्या मांडीत जाऊन बसल्या. केबिनमधून इंजिन पुन्हा सुरू करून उलटा गिअर टाकल्याचा खडखडाट आला, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

"उठा हो आजी," तो माणूस म्हणाला, "बायको न्यायला आलीय मला, बघेल."

दोघं-चौघं हसले. घाबरल्यावर माणसं हसतात तसं.

ढेंगने फटीतून चप्पल ओढून काढली. पापुद्र्यासारखी झाली होती. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

"वहिनी, पाय असता तर आता पाकिटात घालून पोस्टाने पाठवता आला असता."

कप्तान केबिनच्या दारात आले. "ऊन आलं रे एकदम डोळ्यांवर. लागलं का?"

"छे! चप्पल जुनीच होती."

वहिनीने वर बघितलं. ऊन पाठीमागे होतं.

त्यानंतर ती बसली नाही. अकराच्या फेरीला एकाच माणसाला दोनदा तिकीट द्यायला गेली. "वहिनी, मी एवढा जाड झालो का?" तो म्हणाला, तरी तिला हसू आलं नाही. कठडा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. एक गोष्ट सारखी मनात येत होती. पूर्वी कप्तान 'किती' असं कधी विचारत नसत. आकडा ती वहीत लिहायची, कचेरीसाठी. त्यांना त्याच्याशी काय करायचं होतं? लाँच किती भरली ते त्यांना एका नजरेत कळे. हे विचारणं थंडीत केव्हातरी सुरू झालं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. कामावर तिच्याशी एक शब्द न बोलणारा माणूस प्रत्येक फेरीला खिडकीतून डोकावून काही विचारतो, म्हणून ती मनातून खूष होती. थोडी लाजलीही होती, या वयात.

बाराच्या फेरीला अडतीस माणसं होती. तिने सांगितली. खांब जवळ आल्यावर ती पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने केबिनच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कप्तानांचं तोंड समोर नव्हतं, जरासं बाजूच्या खिडकीकडे वळलेलं होतं. खिडकीतून लाल खांब सरकत गेला आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"एक, दोन, तीन, चार..."

आठला हात दांड्यावर गेला. इंजिन सुटलं. लाँच जाऊन हलकेच टेकली.

वहिनी बाटली न देताच मागे फिरली. ते बघत नव्हते. मोजत होते. तिच्या आकड्यावरून मोजत होते. माणसं कमी असली की जास्त मोजायचं, माणसं जास्त असली की कमी. सकाळी तिने बावीस सांगितले आणि ते बावीसच होते. त्या खऱ्या आकड्यानेच ढेंगची चप्पल चिरडली होती.

एक ते दोन लाँच गावाच्या बाजूला बांधलेली असे. दोघं केबिनमध्ये समोरासमोर बसून डबा खात.

"अहो."

"हं."

"सकाळी मी बावीस म्हटलं."

"बरोबर होतं की."

"एकशे बावीस म्हटलं असतं तर?"

"तर आधी सोडली असती," कप्तान म्हणाले. आणि त्यांचा घास हातातच राहिला.

खाली पाण्यावर कुणाची तरी टाकलेली बाटली लाँचच्या अंगाला टकटक करत होती.

"पुढे खोके होते," ती म्हणाली. "कमरेइतके. तुमच्या समोरच."

"समोरचंच जातं." घास त्यांनी परत डब्यात ठेवला. "बाजूचं दिसतं गं. खांब दिसतो, पाणी दिसतं, कडेकडेचं सगळं स्वच्छ दिसतं. नीट बघायला गेलं की मधोमध डाग. भिंतीला ओल येते ना, तसा."

"माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं.

"कान दिसतात. दोन्ही. मधे काही नाही."

"ते तर तुम्ही लग्नापासून म्हणताय."

कप्तान हसले, तीही हसली, आणि हसू संपल्यावर कुठे बघावं ते दोघांनाही कळेना. महिनोन्‌महिने हा माणूस तिच्यासमोर बसून जेवत होता आणि तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. ती दमली आहे, रुसली आहे, हसते आहे, यातलं काही नाही.

"डॉक्टरकडे?"

"गेलो होतो. दाताला म्हणून गेलो नव्हतो का मागे, तेव्हा. डावा डोळा गेलाय म्हणाले, उजवाही त्याच वाटेला. चष्म्याने व्हायचं काम नाही."

"मला सांगायचं तरी!"

"तुला सांगितलं असतं तर कुणी विचारल्यावर तू सांगून टाकलं असतंस. तुला पचत नाही."

ते खरंच होतं. कप्तान तिच्याकडे जरासे वाकले, नजर तिच्या खांद्याच्या बाहेर कुठेतरी लावून, म्हणजे ती दिसावी म्हणून.

"निवृत्तीला सहा महिने राहिलेत. आता नवीन काही करायचं नाही, शिकायचं नाही. इंजिन सोडलं तरी सहा महिने जाईल आपोआप. तू फक्त सगळं सांगत जा. माणसं, पोती, खोके, काय असेल ते. तू बघ, मी मोजतो. अगं, दोघं मिळून एक कप्तान होतोच की आपण."

"आणि चुकलं तर?"

"इतके महिने कुठे चुकलं? आज चुकलं, ते तू खोके सांगितले नाहीस म्हणून."

ते दोष देत नव्हते, समजावत होते. तरी ते वाक्य तिच्या अंगाला चिकटून राहिलं. सकाळी तिने नेम घेतला होता, आज कुणाचं मन मोडायचं नाही. नेम घेताना तिच्या मनात शेजारीण होती.

दोनच्या फेरीला तिने सगळं सांगितलं.

"चौदा माणसं. दोन पोती. एक शिलाई मशीन. आणि त्या चौदांत एकजण असा आहे की त्याला दोन धरा."

खिडकीत हसल्याचा आवाज आला. हात वर झाला. आणि पलीकडे लाँच अशी लागली, अशी लागली, की शिलाई मशीनवाली बाई बाकावरच बसून राहिली. "आलं का?" म्हणाली. वहिनीला भरून आलं. किती सोपं होतं. सहा महिने म्हणजे काय, असे बघता बघता जातात. रोज नीट बघायचं, नीट सांगायचं. बाकी आयुष्यात तिने दुसरं केलं तरी काय होतं?

ढेंगने कुणाचीतरी मागून आणलेली, एक बोट बाहेर राहणारी चप्पल घातली होती. त्याच पायाने त्याने लाँचची कड अडवली होती.

"तुला सकाळचं पुरलं नाही का रे?" ती म्हणाली. "पाय कशाला घालतोस मधे? लांबून दोर टाकता येत नाही?"

"येतो की. बदलीवाला चालवत असला की लांबूनच टाकतो, त्या पोराचा काय भरवसा!" ढेंग दोर गुंडाळत म्हणाला. "कप्तान असले की पाय. डोळे मिटून. एवढा नेम दुसऱ्या कुणाचा नाही, वहिनी."

लाँच परत फिरल्यापासून तिचे हात जागेवर राहिनात. तीनच्या फेरीला माणसं मोजली तर एकतीस भरली. पुन्हा मोजली तर तेहतीस. तिसऱ्यांदा मोजताना दोघांनी जागा बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून आलं. "वहिनी, आज जनगणना आहे का?" मागून कुणीतरी म्हणालं. खिडकीतून 'किती' आलं तेव्हा तिने तेहतीस सांगितलं, आणि पलीकडे पोचेपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती. एकतीस असले तर? कुणी खाली बसलेला राहिला असला तर? आयुष्यात पहिल्यांदा तिने खात्री नसलेला आकडा सांगितला होता. पाण्यात काही आडवं आलं तर, धक्क्यावर कुणी वाकून काही उचलत असलं तर, ते कुठल्या आकड्यात सांगायचं? लाँच टेकली. ठीक टेकली. ढेंगचा पाय पुढे होताच.

चारला शाळा सुटली. पलीकडची सगळी मुलं या एकाच फेरीने घरी जायची. फळीवरून ती दप्तरांसकट लोंढ्यासारखी आत आली, आणि आल्यावरही एक जागेवर थांबेल तर शपथ. हा इकडे, ती तिकडे, दोघं कठड्यावर.

"किती?" खिडकीतून आवाज आला.

वहिनी फळीशी उभी होती. तिने मुलांकडे बघितलं आणि मग पाण्याकडे.

"अगं, किती?"

"नाही मोजले."

"मग मोज."

"नाही मोजणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. इतक्या गोंगाटात त्यांना तो कसा ऐकू गेला, कोण जाणे. खिडकीत त्यांचं डोकं आलं, एका बाजूला कललेलं.

"वहिनी, मी मोजलीत की!" मागून चढणाऱ्या विज्ञानाच्या बाई मदतीला धावल्या. "एकशे नऊ मुलं, कप्तान! आणि आम्ही चौघी!"

झालं. आकडा मिळाला होता. आता हात वर होणार आणि दोर सुटणार, म्हणून वहिनीने कठडा धरला. तिच्याने एवढंच झालं होतं आणि तेही फुकट गेलं होतं.

हात वर झाला नाही.

"ढेंग उभा असेल पलीकडे," कप्तान म्हणाले.

"असणार."

"पाय काढून?"

"तुम्ही आहात म्हटल्यावर काढणारच."

बाई एकदा हिच्याकडे, एकदा खिडकीकडे बघत राहिल्या. इंजिन रिकामंच घुरघुरत होतं. मग तेही थांबलं. केबिनचं दार उघडून कप्तान बाहेर आले आणि मुलांमधून वाट काढत, एका हाताने कठडा चाचपत, फळीवरून उतरले. ते चाचपणं आज तिला दिसलं. केव्हापासून असेल, देव जाणे.

कचेरीची खिडकी फळीवरून दिसते. कप्तान टेबलासमोर उभे राहिलेले तिला दिसले. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. फार बोलले नसावेत. कारकून खुर्चीतून अर्धवट उठला, तसाच राहिला, मग पुन्हा बसला. खिशातून काढलेली किल्ली कप्तानांनी टेबलावर ठेवली आणि ती नीट टेबलावरच पडली ना, हे हाताने पाहिलं.

येताना त्यांच्याबरोबर बदलीवाला होता, शर्टाची बटणं लावत. "एकशे तेरा," ते त्याला सांगत होते. "तू अन् मी धरून जरा जास्तच. खांबाच्या आधीच सोड. वाटेल, फार लवकर होतंय. तरी सोड."

"सोडतो, कप्तान."

कप्तानांचं घर पलीकडेच होतं. जायला दुसरी वाट नव्हती. ते मधल्या बाकावर बसले. तिघी मुली सरकल्या, त्यांनी जागा करून दिली. वहिनी त्यांच्या जवळून दोनदा गेली. एकदा वाटलं, खांद्यावर हात ठेवावा. पण लाँचवर तिने तसं कधी केलं नव्हतं. दुसऱ्यांदा जाताना ते म्हणाले, "तू बस की कुठेतरी. तुझ्या चपला मघापासून ऐकतोय." तरी तिला बसवेना. ती पुढे गेली.

पलीकडचा धक्का दिसला. ढेंग उभा होता. त्याने एक पाय पुढे काढला.

"ढेंग!" दिवसात दुसऱ्यांदा ती ओरडली. "पाय मागे घे! कप्तान नाहीत!"

ढेंगला आधी कळलंच नाही. मग तो दोन पावलं मागे गेला आणि दोर हातात घेऊन, मान लांब करून केबिनकडे बघत राहिला.

लाल खांब आला. इंजिन चालूच होतं. खांब मागे गेला, आणि मग ते सुटलं. उशीर झाला होता. वहिनी कठड्याला पाठ लावून वळली.

कप्तान बाकावर डोळे मिटून बसले होते. आवाज बंद झाला तशी त्यांची मान जराशी वर झाली. थोडा वेळ ते तसेच होते, काही ऐकत असल्यासारखे. मग त्यांनी उजवा हात लांब केला, शेजारच्या तिघी मुलींच्या पुढून आडवा, आणि बाकापलीकडचा छताचा खांब घट्ट धरला. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

मग धक्का लागला. दप्तरं घरंगळली, उभी होती ती मुलं एकमेकांवर पडली, कुणी किंचाळलं, आणि पाठोपाठ सगळी लाँच हसायला लागली. त्या तिघी जागच्या हलल्या नव्हत्या.

मुलं धडाधड उतरायला लागली. ढेंग एकेकाला हात देत होता आणि मधूनमधून आत बघत होता. बाकं रिकामी झाली. तिघी मुली तशाच बसून होत्या, त्या हाताच्या मागे.

"आजोबा," कडेची म्हणाली, "हात काढा ना. जायचंय."

"लागली का लाँच?"

"कधीच!" ती म्हणाली, आणि हाताखालून वाकून निघाली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी.